मार्केटिंगमध्ये जायचंय, पण त्यातल्या नेमक्या कुठल्या कामात?

कोरी_वही

नमस्कार. मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय मानसशास्त्र, जोडीला संख्याशास्त्र. पदवीनंतर मार्केटिंगमध्ये काम करायचं हे बऱ्यापैकी पक्कं आहे, पुढचंच कळत नाहीये.

गेल्या महिन्यात आमच्याकडे करिअर मार्गदर्शनाचं सत्र झालं. पडद्यावर पदांची नावं एकाखाली एक आली: ब्रँड मॅनेजर, परफॉर्मन्स मार्केटर, प्रॉडक्ट मार्केटर, एसईओ (गूगलसारख्या शोधात आपलं पान वर आणणं), कंटेंट, सीआरएम (आधीच्या ग्राहकांशी संबंध टिकवणं), इन्साइट्स. मी सगळी वहीत उतरवून घेतली. रात्री वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की यातला माणूस सकाळी पहिलं काय उघडतो, दिवसभर कुणाशी वाद घालतो, संध्याकाळी काय संपवून उठतो, हे मला एकाही पदाबद्दल सांगता येत नाही. मग निवडायचं कशावरून?

गेल्या सुट्टीत दोन महिने इंटर्नशिप केली. काम एकच, रोज तीन पोस्ट बनवून टाकायच्या. त्या कुणासाठी आहेत, वाचून कुणी काही घेतलं का, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं की आधी आजच्या तीन पूर्ण कर. हेच मार्केटिंग असेल तर मला ते नको आहे. पण ते एवढंच नसावं, असं वाटायला एक कारण आहे.

आमच्या विभागाचं वाचन मंडळ आहे. नावनोंदणीचा ऑनलाइन अर्ज पुष्कळ जण उघडायचे, अर्ध्यात सोडून द्यायचे, आणि बैठकीला यायचे ९ जण. ईमेलचा रकाना पहिलाच होता, त्यामुळे कोण सोडून गेलं ते कळत होतं. मी त्यातल्या ११ जणांना भेटून विचारलं, कुठे थांबलात? ७ जणांनी एकाच प्रश्नाकडे बोट दाखवलं: 'निवडलेलं पुस्तक पूर्ण वाचलं आहे का?' आम्ही तो नुसत्या माहितीसाठी ठेवला होता. त्यांना वाटलं, 'नाही' लिहिलं तर प्रवेश नाही. प्रश्न काढून टाकला आणि अर्जाच्या वर एक ओळ लिहिली, 'पुस्तक अर्धं वाचलं असेल तरी या.' पुढच्या बैठकीला २३ जण होते.

त्या आठवड्याइतकं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही. हे काम कुठल्या पदात येतं? आणि बाकीची कामं आतून कशी असतात, ती करणाऱ्यांनी सांगाल का?

निळी_शाई

१४ वर्षं मार्केट रिसर्चमध्ये आहे. एकेरी बोलते, चालेल ना? तू त्या ११ जणांशी बोललीस ते माझंच काम. तुझ्या यादीत ते 'इन्साइट्स' या नावाने आहे.

दिवस कसा जातो ते सांगते. क्लायंटकडून ब्रीफ येतं, म्हणजे काय शोधायचं ते सांगणारं टिपण. त्यात बहुतेक वेळा उत्तर आधीच लिहिलेलं असतं: 'ग्राहकांना आमचं नवं पॅकिंग का आवडत नाही ते शोधा.' पॅकिंगच कारण आहे हे कुणी ठरवलं? पहिले दोन दिवस तो प्रश्न सोलण्यात जातात, आणि माझ्या मते या व्यवसायातली सगळ्यात मोलाची कमाई तिथेच असते. मग कुणाशी बोलायचं ते ठरतं, मुलाखतीचा आराखडा होतो, तास-तासाच्या मुलाखती होतात. मुलाखत घेताना गप्प बसता आलं पाहिजे. समोरचा थांबला की आपण चार-पाच सेकंद काही बोलायचं नाही. खरं कारण पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं.

दुसरी बाजू आकड्यांची. तिथे तुझं संख्याशास्त्र कामाला येईल. यादृच्छिक निवडलेल्या १०० जणांच्या पाहणीत टक्केवारी सुमारे १० टक्के वर-खाली होऊ शकते, ४०० जणांत ५, १,००० जणांत ३. म्हणजे अचूकता दुप्पट करायची तर माणसं चौपट लागतात. हे क्लायंटला पटवून देणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' ही जी मोजपट्टी प्रत्येक प्रश्नावलीत दिसते, ती रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. तुझ्या विषयातून इकडे येणारी वाट जुनी आहे.

कंटाळवाणं कामही सांगायला हवं. मोकळ्या उत्तरांचं कोडिंग करताना ८०० वाक्यं एकेक वाचून खणांत टाकावी लागतात. सगळ्या प्रश्नांना एकच पर्याय ठोकणारे प्रतिसाद शोधून वगळावे लागतात. तीन-तीन दिवस हेच. ज्यांना हे सोसत नाही ते दोन वर्षांत बाहेर पडतात, आणि पडावं.

एक करून बघ. मंडळाला कधीच न आलेल्या ८ जणांशी प्रत्येकी अर्धा तास बोल. 'याल का?' असं विचारू नकोस, लोक भिडेखातर हो म्हणतात. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचार.

आकडेमोड

मी परफॉर्मन्स मार्केटिंग करतो, म्हणजे ज्यांचा परिणाम आकड्यांत मोजता येतो अशा जाहिराती, मुख्यतः सर्चच्या: गूगलवर काही शोधलं की निकालांसोबत दिसतात त्या. आधी एक प्रश्न: ९ जण आले तेव्हाचं पुस्तक आणि २३ आले तेव्हाचं पुस्तक एकच होतं का?

कोरी_वही

नाही. पहिलं ४०० पानांच्या वर होतं, दुसरं साधारण १२० पानांचं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिवाय पहिल्या बैठकीच्या वेळी परीक्षा तोंडावर होत्या, तेही आत्ता लक्षात येतंय.

आकडेमोड

प्रामाणिकपणे सांगितलंत, त्याबद्दल आभार. ७ जणांनी दिलेलं कारण खोटं ठरत नाही. पण वाढलेल्या १४ जणांपैकी किती त्या ओळीमुळे आले आणि किती पुस्तक पातळ होतं म्हणून, हे आता सांगता येणार नाही. ते सांगता यावं एवढ्यासाठीच माझं काम आहे.

एकाच वेळी, एकाच पुस्तकासाठी, निम्म्या लोकांना जुना अर्ज आणि निम्म्यांना नवा दाखवायचा, कुणाला कुठला ते नाणेफेकीने. हीच ए/बी टेस्ट. अमेरिकेच्या २००८ च्या निवडणुकीत ओबामांच्या मोहिमेने आपल्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानाचे २४ नमुने असे पडताळले होते. चमूतल्या लोकांना व्हिडिओ असलेला नमुना जिंकेल असं वाटत होतं. जिंकला कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' या अर्थाचं बटण. नोंदणीचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं. जाणकारांचा अंदाज इतका चुकतो, हे मला आजही रोज दिसतं.

आता यातली मेहनत. समजा पानावर येणाऱ्या १०० पैकी २ जण खरेदी करतात, आणि ते प्रमाण २.२ झालं का हे खात्रीने पाहायचंय. नेहमीच्या निकषांनी प्रत्येक बाजूला ७८ हजारांच्या आसपास माणसं लागतात. तेवढी येईपर्यंत हात बांधून बसायचं. तिसऱ्या दिवशी आलेख वर गेला की वरिष्ठ म्हणतात, 'जिंकलो, बंद करा.' तेव्हा नाही म्हणता यावं लागतं.

सर्चची जाहिरात लिहिणं हीसुद्धा एक शिस्त आहे. गूगलच्या जाहिरातीत एका मथळ्याला ३० अक्षरचिन्हं, वर्णनाला ९०. मथळे १५ पर्यंत देता येतात, आणि कुठले एकत्र दाखवायचे ते यंत्रणा ठरवते, त्यामुळे प्रत्येक मथळा एकटाही उभा राहिला पाहिजे. जाहिरातीची जागा लिलावाने ठरते, पण त्यात सगळ्यात मोठी बोली लावणाराच वर येतो असंही नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, क्लिक केल्यावर उघडणारं पान किती उपयोगी आहे, हेही मोजलं जातं. म्हणून चांगलं लिहिणारा इथे प्रत्यक्ष पैसे वाचवतो.

नोकरीशिवाय हात घालायचा असेल तर गूगल ॲनालिटिक्सचं (संकेतस्थळावर कोण आलं, काय केलं ते मोजणारं साधन) डेमो खातं मोफत आहे, त्यात गूगलच्या स्वतःच्या वस्तुविक्रीच्या दुकानाची खरी आकडेवारी असते. मोबाइलवरून येणारे किती टक्के खरेदीपर्यंत पोहोचतात आणि कुठल्या पायरीवर गळतात, एवढा एकच प्रश्न घेऊन बसा. मेटाच्या जाहिरात संग्रहात सध्या चालू असलेल्या जाहिराती कुणालाही पाहता येतात. एखादी कंपनी महिनोन्महिने चालवत असलेली जाहिरात शोधा आणि ती का टिकली असेल ते लिहून काढा. बटणं पाठ करण्यात मात्र वेळ घालवू नका. ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती २०२३ मध्ये बंद झाली आणि माझी वर्षानुवर्षांची बटणांची सवय एका उन्हाळ्यात निकामी ठरली. प्रश्न विचारायची सवय तेवढी उरली.

तिसरी_बाजू

वरच्या दोघांचं काम मोलाचं आहे, पण एका गोष्टीवर माझं दुमत आहे. दुसऱ्या वर्षालाच संशोधन की जाहिरात अशी खोली निवडायला सांगू नये. मी विक्रीत सुरुवात केली, पाच वर्षांनी ब्रँडकडे आले, आणि त्या पाच वर्षांच्या शिदोरीवर आजही काम करते.

जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये चार 'पी' मांडले: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. जाहिरात, पोस्ट, एसईओ हे सगळं चौथ्यात येतं. विद्यार्थ्यांना भेटते तेव्हा जाणवतं की त्यांची अख्खी यादी त्या चौथ्या खणातली असते. वस्तू काय असावी, किती किमतीला, कुठे मिळावी, हे ठरवणारी माणसंही मार्केटिंगचीच. सत्रातल्या यादीत ती फारशी दिसली नाहीत, म्हणून सांगते.

ब्रँड मॅनेजर हे पद कुठून आलं ते बघ. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती बघायचा. कंपनीचाच दुसरा साबण, आयव्हरी, इतका मोठा की कॅमेकडे पुरेसं लक्षच जात नव्हतं. त्याने तीन पानांचं टिपण लिहिलं: प्रत्येक ब्रँडला त्याची स्वतःची माणसं द्या, आणि विक्री कुठे का घसरली हे त्यांनी जागेवर जाऊन शोधावं. त्याच टिपणातून ब्रँड व्यवस्थापनाची पद्धत उभी राहिली. तोच पुढे कंपनीचा अध्यक्ष आणि नंतर अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला.

आजही माझं काम तेच आहे. जबाबदारी सगळी, हुकूम कुणावरच नाही. कारखाना माझं ऐकत नाही, वित्त विभाग माझं ऐकत नाही, विक्रीची माणसं तर मुळीच नाहीत. सगळ्यांना कारणं देऊन सोबत आणावं लागतं. सकाळी पहिली उघडते ती कालच्या विक्रीची शीट. पुढच्या तिमाहीत किती माल लागेल हा अंदाज चुकला तर एकीकडे फळी रिकामी आणि दुसरीकडे गोदाम भरलेलं. जाहिरातीचं चित्रीकरण वर्षातून चार-पाच दिवस. बाकीचे दिवस एक्सेल आणि बैठका, आणि मला ते मनापासून आवडतं.

पुढची इंटर्नशिप निवडताना मुलाखतीत एवढंच विचार: 'मी केलेल्या कामाचा परिणाम मला कुठल्या आकड्यात दिसेल, आणि तो आकडा मला बघायला मिळेल का?' समोरचा घुटमळला तर परत रोजच्या तीन पोस्ट समज. शक्य असेल तर दोन आठवडे विक्रीच्या माणसाबरोबर फिरायला मिळेल का तेही विचार. दुकानदार माल ठेवायला नकार देताना जी कारणं देतो ती कुठल्याच सादरीकरणात येत नाहीत.

कोरी_वही

तिघांचेही मनापासून आभार. वहीतली यादी आज परत लिहिली. पदाच्या नावापुढे आता तो माणूस दिवसभर कुठल्या प्रश्नापाशी बसतो ते लिहिलंय. इन्साइट्सपुढे 'असं का?', परफॉर्मन्सपुढे 'खरंच यामुळेच का?', ब्रँडपुढे 'आता काय करायचं, आणि कुणाला सोबत घ्यायचं?'. मला आज तरी पहिल्याकडे ओढा वाटतो. पण आकडेमोड यांनी पुस्तकाबद्दल विचारलं तेव्हापासून दुसराही डोक्यातून जात नाहीये. पुढच्या बैठकीला दोन अर्ज करून बघणार आहे. आमच्याकडे माणसं थोडी असल्याने त्यातून काही सिद्ध होणार नाही हे आता कळतंय, तरी मांडणी कशी करायची ते हाताला समजेल.

आणि निळी_शाई, ८ मुलाखतींसाठी तीन प्रश्न काढलेत, जरा बघाल का?
'तुम्हाला वाचनाची आवड आहे का?'
'मागच्या वेळी तुम्ही एखादं पुस्तक अर्ध्यावर सोडलंत, तेव्हा काय झालं होतं?'
'वाचन मंडळ कोणत्या वारी असलं तर तुम्ही याल?'

निळी_शाई

दुसरा उत्तम आहे, त्यानेच सुरुवात कर. पहिला काढ, समोर वाचन मंडळाची मुलगी बसली असताना 'आवड नाही' कोण म्हणेल? तिसऱ्यात 'याल' परत आलंय. त्याऐवजी विचार, 'गेल्या बुधवारी वर्ग सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?' वेळ कुठे मोकळा आहे ते त्यांच्याच तोंडून येईल. पहिल्या दोन मुलाखती झाल्या की इथे लिही, चौथीच्या आत आराखडा बदलावा लागेल.