मारुती ८०० (१९९७, कार्ब्युरेटर): पीयूसीत सीओ ५.४ टक्के, मिक्स्चर स्क्रू फिरवूनही फरक नाही

जुनी८००_मिरज
नमस्कार. मारुती ८००, १९९७ चं मॉडेल, फक्त पेट्रोल, गॅसकिट नाही. नोंदणीचं नूतनीकरण आलंय, त्यासाठी पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र) हवी. केंद्रावर धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ५.४ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ६२० पीपीएम दाखवलं. स्लो (गाडी उभी असताना इंजिनाचा वेग) मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या आसपास आहे, त्याखाली आणली की गाडी बंद पडते. तिन्ही प्लगवर कोरडी काजळी. एअर फिल्टर नवा टाकलाय. मिक्स्चर स्क्रू (स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) पूर्ण आत घेतला तरी इंजिन चालूच राहतं आणि सीओ जागचा हलत नाही. मेकॅनिक कार्ब (पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर) बदला म्हणतात. बदलावाच लागेल का?

टॅपेट_टायमिंग
थांबा, कार्ब इतक्यात काढू नका. आधी दोन्ही आकडे एकत्र वाचा. बीएस-२ (भारत स्टेज-२ प्रदूषण निकष) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम. तुमचा एचसी मर्यादेत आहे, म्हणजे मिसिंग नाही, तिन्ही सिलिंडर जळतायत. फक्त पेट्रोल जास्त जातंय. सीओ कमी आणि एचसी जास्त आला असता तर प्लग, हाय टेन्शन वायर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) किंवा बाहेरून हवा ओढली जातेय का, हे बघायला सांगितलं असतं.

स्क्रू बंद करूनही इंजिन चालतंय, हीच खरी खूण आहे. त्या स्क्रूच्या ताब्यात फक्त स्लोच्या मुख्य छिद्रातून येणारं पेट्रोल असतं. तुमच्याकडे ते दुसऱ्या वाटेनं येतंय. मुख्य वाटा दोन:

१) फ्लोट चेंबरमधली (कार्बमधली पेट्रोलची छोटी टाकी) पातळी वर आहे किंवा तिथलं पेट्रोल थांबवणारी निडल नीट बसत नाही. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन गरम असताना स्लोवर चालू ठेवा आणि टॉर्चनं कार्बच्या घशात बघा. मेन नोझलमधून थेंब पडताना दिसले तर दोष इथेच. निडल आणि सीट जोडीनंच बदला. एकच बदललं तर पुन्हा गळतं. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल शिरलं असेल तर आवाज येतो. हे काम करताना जवळ विडी-सिगारेट किंवा उघडा दिवा नको.

२) थेंब नाहीत, तर १२०० ची स्लोच कारण असू शकते. थ्रॉटलचं (ॲक्सिलरेटरनं उघडणारं) पातं जास्त उघडं राहिलं की काठाजवळची ट्रान्झिशनची (स्लोवरून रेस घेतानाची) छिद्रं उघडी पडतात आणि त्यातून येणाऱ्या पेट्रोलवर स्क्रूचा काबू नसतो. मग खाली आणली की बंद का पडते? बहुतेक वेळा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेलेलं असतं, म्हणून तग धरायला जास्त रेस लागते. टायमिंग लाइटनं मॅन्युअलप्रमाणे लावा. टॅपेट टाइट असतील तरीही हेच होतं.

आणि चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारं पातं) वायर! नॉब आत ढकलल्यावर कार्बवरचं पातं पूर्ण उभं राहतं का, ते डोळ्यांनी बघा. वायरला गंज लागला की थोडंसं तिरकं अडकतं, आणि सीओ वाढायला तेवढं पुरतं.

स्लो_जेट
वरच्या सगळ्याशी सहमत. एक भर: स्लोचा एअर ब्लीड (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारं बारीक छिद्र) चोंदला तरी मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. जेट आणि ब्लीड कार्ब क्लीनर मारून, मग हवेनं फुंकून साफ करा. तार घालू नका, पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की जेट गेलाच.

शिवाय ऑइलचा वास घ्या. बरेच दिवस रिच चालल्यावर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं, गरम झालं की त्याची वाफ ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी नळी) परत कार्बमध्ये जाते. पीयूसीचं मशीन लावलेलं असताना ब्रीदरची नळी एअर फिल्टरकडून काढा. सीओ झपाट्यानं उतरला तर ऑइल बदलल्याशिवाय ट्यूनिंगला बसू नका.

जुनी८००_मिरज
धन्यवाद. नोझलमधून थेंब दिसले, हळूहळू पण सतत. चोक पूर्ण उघडतो. निडल-सीट आणल्यावर ट्यूनिंग कोणत्या क्रमानं करू? आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलचा काही संबंध?

टॅपेट_टायमिंग
क्रम असा: टॅपेट, प्लग, टायमिंग, फ्लोटची पातळी, आणि सगळ्यात शेवटी मिक्स्चर स्क्रू. इंजिन इतकं गरम हवं की रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झालेला असावा. लाइट, एसी बंद. स्क्रू हलक्या हातानं आत बसवून दोन फेरे बाहेर काढा. जोर लावला तर टोक चेपतं. स्लो साधारण ९०० वर आणा. मग पाव फेरा आत, अर्धा मिनिट थांबा, आकडा बघा. सीओ दीड ते दोन टक्क्यांवर ठेवा. त्याहून खाली ओढलंत तर मिश्रण पातळ होऊन मिसिंग सुरू होतं आणि एचसी चढतो.

स्लो_जेट
इथेनॉलबद्दल: त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळच होतं. म्हणजे तुमचा सीओ त्यानं वाढलेला नाही. पण जुन्या रबरी नळ्या आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम त्यानं खराब होतो, टाकीतला गाळही सुटतो. निडल बदलताय तर पेट्रोल फिल्टरही नवा टाकाच, नाहीतर तोच कचरा नव्या सीटवर बसेल.

केंद्रावर जाताना गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवून न्या आणि इंजिन बंद न करता रांगेत उभी करा. प्रोब (मशीनची नळी) सायलेन्सरमध्ये किमान ३०० मिमी आत गेला पाहिजे. सायलेन्सरला भोक असेल तर आधी वेल्डिंग करून घ्या, बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा कमी दिसतो. आणि छापील प्रमाणपत्रावर मर्यादा ३ टक्के आलीय ना, ते वाचा. गाडी चुकून बीएस-२ मध्ये भरली तर ०.५ टक्के लागू होईल, आणि कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नसलेल्या कार्बच्या गाडीत तिथवर पोचणं फार अवघड. तसं दिसलं तर नोंदणीपुस्तकातलं उत्पादनाचं वर्ष दाखवून तिथेच दुरुस्त करून घ्या.