मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूच्या क्षेत्रकार्याचं सीओ-पीओ अटेनमेंट कसं काढायचं?

शाल्मली_क
आमच्या समाजकार्य महाविद्यालयाचा नॅक मूल्यांकनासाठीचा एसएसआर (स्वयं-अध्ययन अहवाल) भरायला घेतलाय आणि गाडी २.६.१ वर अडलीय. त्यात सीओ (एका विषयातून विद्यार्थ्याला काय यायला हवं) आणि पीओ (पूर्ण अभ्यासक्रमातून काय यायला हवं) किती साध्य झाले, म्हणजे त्यांचं अटेनमेंट, दाखवायचं असतं. थिअरीचं कसंबसं जमतंय, पण एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) क्षेत्रकार्याचं, म्हणजे संस्था-वस्त्यांमधल्या प्रत्यक्ष कामाचं, काही केल्या जमत नाही. वर्षाला १०० गुण, ४० विद्यार्थी, आणि सगळे ६८ ते ८४ च्या मध्ये. ६० टक्क्यांचा उंबरठा लावला (तेवढे गुण मिळाले की सीओ साध्य झाला असं धरलं) की प्रत्येक सीओचं अटेनमेंट ३, म्हणजे सर्वात वरची पातळी, येतं. हे असंच दाखवायचं का? दुसरं, विद्यापीठाकडून लेखी परीक्षेचे फक्त एकूण गुण येतात, प्रश्नवार नाहीत. तिसरं, पुरावा म्हणून मुलांचे क्षेत्रकार्य अहवाल वेबसाइटवर टाकले तर चालतील का?

इरावती
सगळीकडे ३ दाखवू नका. पिअर टीममध्ये (नॅकच्या तपासणी पथकात) समाजकार्यातलं एक जरी माणूस असलं तरी पहिला प्रश्न त्यावरच येईल.

हे असं होतं कारण ते १०० गुण मुळात सगळे कौशल्याचे नसतातच. उपस्थिती, अहवाल वेळेवर देणं, चर्चेला हजर राहणं, शिबिरातला सहभाग यातच निम्मे गुण वाटले जातात. हे शिस्तीचे गुण झाले. ते गुणपत्रिकेत राहू द्या, अटेनमेंटच्या हिशोबातून बाहेर काढा.

मग क्षेत्रकार्याचे पाचच सीओ ठेवा आणि प्रत्येकाला चार पायऱ्यांचं रुब्रिक (कोणत्या कामाला कोणती पायरी द्यायची त्याचा तक्ता) करा. 'उत्तम, चांगलं, बरं' असली विशेषणं नकोत, अहवालात काय दिसलं ते लिहा. व्यक्ती सहाय्य कार्यातल्या (केसवर्कमधल्या) समस्या-आकलनाचं उदाहरण:

१ – 'वडील दारू पितात म्हणून मुलगा शाळेत जात नाही', एवढंच. माहिती एकाच माणसाकडून.
२ – आई, शिक्षक, शेजारी यांच्याकडून पडताळणी केली, पण नुसती नोंद.
३ – कारणं एकमेकांशी जोडली (वडिलांची रोजंदारी सुटली, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नाही), कुटुंबाच्या जमेच्या बाजूही टिपल्या.
४ – त्या आकलनावरून आराखडा केला आणि पुढच्या भेटीत नवं काही कळल्यावर तो बदलला.

उंबरठा: पायरी ३ किंवा वर. ४० पैकी २५ जण तिथे पोचले तर ६२.५ टक्के. तुमची पातळी ५० टक्क्यांना १, ६० ला २, ७० ला ३ अशी असेल तर अटेनमेंट २. पीओसाठी भारित सरासरी काढा: तीन सीओंचं मॅपिंग (त्या पीओशी नातं किती घट्ट) ३, २, १ आणि अटेनमेंट २, ३, १ असेल तर (६+६+१) भागिले ६, म्हणजे २.१७.

हा साचा अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएकडून आपल्याकडे आलाय. नॅकने एकच एक सूत्र बांधून दिलेलं नाही. त्यामुळे उंबरठा, पातळ्या, प्रत्यक्ष (गुण, रुब्रिक) आणि अप्रत्यक्ष (विद्यार्थ्यांचे अभिप्राय) यांचं ८०:२० की आणखी काही, हे सगळं निकालाच्या आधीच्या तारखेच्या आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) इतिवृत्तात असू द्या. निकाल हातात आल्यावर ठरवलेला उंबरठा लगेच ओळखू येतो.

गोदाकाठ
लेखी परीक्षेबद्दल. प्रश्नपत्रिका तर तुमच्याकडे असतेच. प्रत्येक प्रश्नापुढे सीओ लिहून काढा. ज्या सीओवर त्या वर्षी प्रश्नच आला नाही, त्याला बाह्य परीक्षेचं अटेनमेंट देऊ नका. उरलेल्यांना एकूण गुणांवरून एकच आकडा द्या आणि तसं केल्याचं स्पष्ट लिहा. खरा फरक अंतर्गत चाचणीतूनच दिसणार, ती प्रश्नवार तपासा.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक: 'कोणतेही तीन सोडवा' मधला सोडून दिलेला प्रश्न शून्य म्हणून मोजला जातो. तो कप्पा रिकामा ठेवा आणि टक्केवारी ज्यांनी प्रश्न सोडवला त्यांच्यावरच काढा.

अनामिक_पर्यवेक्षक
अहवाल वेबसाइटवर अजिबात टाकू नका! बालगृहातल्या किंवा बालकल्याण समितीपुढच्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ मनाई करतं. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याचं कलम ८ आहे. नुसतं नाव खोडून भागत नाही. वस्ती, शाळा, वय आणि घटना एकत्र वाचली की गावातला माणूस बरोबर ओळखतो. वेबसाइटवर कोरं रुब्रिक, सीओवार तक्ता आणि कृती अहवाल (कमी पडलं तिथे काय सुधारणा केली ते) ठेवा. प्रत्यक्ष अहवाल महाविद्यालयात कुलूपबंद, पिअर टीमला तिथेच दाखवायचे, तेही ओळख झाकून.

शाल्मली_क
खूप आभार. मुलं क्षेत्रकार्याला जातात त्या संस्थेतल्या पर्यवेक्षकांचं काय करायचं? आमचा चार पानी फॉर्म ते एकतर भरत नाहीत, नाहीतर सगळीकडे 'उत्कृष्ट' लिहून परत करतात.

इरावती
चार पानं कोण भरणार, ताई? त्यांच्याकडे आधीच केसेसचा ढीग असतो. अर्ध्या पानात सहा विधानं ठेवा, आणि 'संधीच मिळाली नाही' हा रकाना हवाच. क्षेत्रकार्यासाठी रुग्णालयात प्लेसमेंट असलेल्या मुलीला समुदाय संघटन करायला मिळालंच नसेल, तर पर्यवेक्षक काय लिहिणार? रकाना नसला की बिचारे भिडेखातर 'उत्कृष्ट' लिहितात. त्या रकान्यात खुणा वाढल्या तर दोष प्लेसमेंटच्या वाटपात आहे, विद्यार्थ्यात नाही, आणि कृती अहवालात लिहायला ही फार कामाची गोष्ट आहे.

फॉर्म दोनदा भरून घ्या, सहाव्या आठवड्यात आणि सत्राच्या शेवटी. शिवाय दहा अहवाल दोन प्राध्यापकांनी एकमेकांचे गुण न बघता तपासायचे. दोन पायऱ्यांचा फरक वारंवार पडला तर रुब्रिकची भाषा सैल आहे असं समजा.

न्यूजर्सीकर
तुलनेसाठी: अमेरिकेत समाजकार्य अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीएसडब्ल्यूई परिषदेच्या २०२२ च्या निकषांत नऊ क्षमता आहेत. प्रत्येकीला किमान दोन मोजमापं लागतात, त्यातलं एक प्रत्यक्ष किंवा सिम्युलेटेड सरावातलं. क्षेत्रकार्य बीएसडब्ल्यूला (पदवीला) किमान ४०० तास, एमएसडब्ल्यूला ९००. उंबरठा कार्यक्रमानेच ठरवायचा आणि निकाल दर दोन वर्षांनी जाहीर करायचे. तिथेही सगळ्यांना वरचेच गुण देण्याची खोड आहेच.

गोदाकाठ
@शाल्मली_क, जुन्या वर्षांची रुब्रिकं आता मागच्या तारखेने बनवत बसू नका. त्या वर्षांचे उपलब्ध गुण जसे आहेत तसे द्या, पद्धत कधी आणि का बदलली ते चार ओळीत लिहा, आणि या वर्षीची बॅच नव्या तक्त्यावर घ्या.