धायरीत घरासाठी नेट कोणाचे घ्यावे? वर्षाचे पैसे आधीच भरावेत का?

पाचवा_मजला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरचे नेट बदलायचे आहे. सध्याचा प्लॅन महिनाअखेरीस संपतोय, म्हणून जरा घाईत विचारतोय.

आम्ही पुण्यात धायरीत राहतो. सोसायटी जुनी, सात मजली, आम्ही पाचव्यावर. मी घरून काम करतो आणि माझे कॉल सगळे संध्याकाळी सातनंतर, कारण टीम अमेरिकेत. बायको त्याच वेळेत दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. बाबांना मॅच मोठ्या टीव्हीवरच लागते. म्हणजे घरातला सगळा भार रात्री सात ते अकरा या वेळात.

सध्या स्थानिक केबलवाल्याचे १०० एमबीपीएस आहे. सकाळी एकदम झकास चालते. रात्री आठ वाजले की रडगाणे सुरू. मी बोलत असतो आणि पलीकडच्यांना माझा तोंड उघडे ठेवून थिजलेला चेहरा दिसतो. फोन केला की उत्तर ठरलेले, "सर, राउटर बंद करून चालू करा." माणूस भला आहे हो, दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येतो, त्यामुळे भांडताही येत नाही.

पर्याय दिसतात ते असे. जिओचा १०० एमबीपीएसचा प्लॅन ६९९ ला, एअरटेलचा ७९९ ला. बीएसएनएलचे फायबर शेजारच्या विंगमध्ये एकांकडे आहे, ते खूश आहेत. शिवाय गेटवर छत्री लावून बसलेल्या एका मुलाने आणखी एका कंपनीचे पत्रक हातात दिले. त्यात सहा महिन्यांचे भरले तर १५ दिवस फुकट, वर्षाचे भरले तर ३० दिवस फुकट, जोडणी दोन्हींत मोफत. ही ऑफर "फक्त आजच" आहे, असे तो मुलगा रोज सांगतो.

प्रश्न:
१. आमच्यासारख्या घराला १०० पुरेल की २०० घ्यावे?
२. वर्षाचे एकदम भरण्यात खरंच फायदा आहे का?
३. सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे भागात कोणाचा काय अनुभव?

---

सिंहगडरोडवासी

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देऊन काही उपयोग नाही, कारण ते गल्लीगणिक बदलते. माझ्याकडे जे उत्तम चालते ते चारशे मीटरवर राहणाऱ्या मेव्हण्याकडे रोज बंद पडते. कंपनी एकच. तुमच्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, आणि "कसे चालते" असे न विचारता "बंद पडल्यावर माणूस किती वेळात येतो" असे विचारा.

आधी एक सांगा, घरात तार कसली येते? दोऱ्यासारखी बारीक फायबर की जाडसर लॅनची?

---

पाचवा_मजला

लॅनची. करड्या रंगाची. गच्चीवरून बाहेरच्या भिंतीला लागून खाली येते, हॉलच्या खिडकीतून आत आणि थेट राउटरमध्ये. "फायबर कनेक्शन" म्हणूनच घेतले होते.

---

खांबावरचा

बरीच वर्षे याच कामात काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे फायबर गच्चीपर्यंतच आले आहे. वर पाण्याच्या टाकीजवळ एक पत्र्याची पेटी असेल. तिच्यात फायबरचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा छोटा डबा आणि एक स्विच, आणि त्या स्विचमधून घराघरांत करड्या तारा. यात तीन भानगडी आहेत. पहिली, त्या पेटीला वीज लागते. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी लाइट घालवली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट जाणार, कारण वरची पेटी मेलेली. दुसरी, उन्हाने तारेचे वरचे आवरण तडकते आणि पहिल्या पावसात पाणी शिरते. तिसरी, वळवाच्या पावसात वीज कडाडली की तांब्याच्या तारेतून झटका येऊन स्विचचे पोर्ट जळतात, कधी कधी तुमचा राउटरही. फायबर काचेचे असते, त्यातून करंट येत नाही.

घरापर्यंत फायबर आणणाऱ्या जोडणीत वाटेत फक्त स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचे अनेक घरांसाठी फाटे करणारा डबा असतो. त्याला वीजच लागत नाही. एक्स्चेंजला बॅकअप आहे आणि तुमच्या घरातल्या डब्याला बॅकअप आहे, एवढे पुरते. १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो राउटरला लावा.

म्हणून कोणीही विकायला आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: फायबर माझ्या हॉलपर्यंत येणार की गच्चीपर्यंत? तो "सर, फुल फायबर आहे" म्हणेल. पुन्हा विचारायचे.

आता तुमचा रात्रीचा त्रास. नवीन घेण्याआधी हे नक्की करा की दोष वाय-फायचा आहे की लाइनचा. लॅपटॉप तारेने राउटरला जोडा, बाकी सगळे बंद ठेवा, सकाळी आणि रात्री साडेनऊला वेग मोजा. तारेने रात्रीही नीट आला तर दोष घरातल्या वाय-फायचा. मग प्रोव्हायडर बदलून पैसे वाया जातील. राउटर टीव्हीच्या मागे कपाटात कोंबलेला असतो, तो मोकळ्यावर आणून ठेवा आणि कामाचा लॅपटॉप वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर घ्या. तारेनेही रात्री वेग पडत असेल तर प्रोव्हायडरने घेतलेली बँडविड्थ गिऱ्हाइकांच्या मानाने कमी आहे. त्यावर राउटर बंद-चालू हा उपाय नव्हे.

आणखी एक. तारेने मोजल्यावर आकडा कधीच ९४-९५ च्या वर जात नसेल तर वाटेत कुठेतरी १०० चाच पोर्ट किंवा चारच जोडलेल्या तारा आहेत. तिथे २०० चा प्लॅन घेणे म्हणजे नळ अर्ध्या इंचाचा ठेवून टाकी मोठी करणे.

---

हिशोबी

प्रश्न १ चे उत्तर: १०० भरपूर आहे. व्हिडिओ कॉलला साधारण ३-४ एमबीपीएस लागतात. नेटफ्लिक्स ४के साठी १५ सांगते. तुमचे दोन कॉल आणि बाबांची मॅच धरली तरी ३०-३५ च्या आत. पण अपलोडचा वेग विचारा, तुमच्या घरी दोघांचे कॉल आहेत. काही स्थानिक मंडळी डाउनलोड १०० देतात आणि अपलोड १०-२० वर बांधून ठेवतात, पत्रकावर ते नसते.

आता प्रश्न २, माझ्या आवडीचा. तुमचे पत्रक पुन्हा वाचा. सहा महिन्यांवर १५ दिवस, वर्षावर ३० दिवस. म्हणजे साडेसहा महिने सहाच्या पैशांत, किंवा तेरा महिने बाराच्या पैशांत. महिन्याचा दर दोन्हींत तोच पडतो. वर्षाचे भरून तुम्हाला एक रुपयाही जास्त मिळत नाही, फक्त तुमचे पैसे त्यांच्याकडे दुप्पट काळ अडकतात. आणि जोडणी दोन्हींत मोफत आहे म्हणताय. मग वर्षाचे कशाला?

दुसरे, जाहिरातीतल्या आकड्यात १८% जीएसटी नसतो. ६९९ चे ८२५ होतात, ७९९ चे ९४३. तुलना नेहमी याच आकड्यांची करा. ज्यांचा आकडा कर धरून सांगितलेला असतो असे स्थानिक प्रोव्हायडर उगाचच महाग वाटतात.

---

चहाबाज

एवढा उपद्व्याप कशाला? एअरफायबर घ्या, तारच नको. गच्चीवर डबा लावतात, झाले काम.

---

खांबावरचा

@चहाबाज, जिथे फायबर पोचत नाही तिथे ते उत्तम आहे. गावाकडे माझ्या भावाने तेच घेतले. पण ते शेवटी ५जी टॉवरवरूनच येते, आणि रात्री त्याच टॉवरवर आख्खी धायरी असते. धागाकर्त्याचा त्रासच रात्रीचा आहे. शिवाय जिओ-एअरटेलच्या फायबरला महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते, जिओच्या एअरफायबरला १ टीबीची, म्हणजे साधारण हजार जीबीची. ४के ला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज चार तास पाहिले तर एकटे बाबाच ८४० जीबी संपवतील.

---

चहाबाज

बाबांना एचडीवर आणा मग. :)

---

जास्वंदी

पैशांबद्दल माझे चार शब्द. मागच्या वर्षी घर बदलले तेव्हा हे सगळे भोगले आहे, कंपनीचे नाव घेत नाही.

ओटीटी फुकट आहे म्हणून वरचा प्लॅन घेऊ नका. आधी बघा की त्यातले ॲप टीव्हीवर चालते की फक्त मोबाइलवर. आणि जे तुम्ही आधीच मोबाइलच्या रिचार्जमध्ये घेतले आहे तेच पुन्हा घेताय का.

राउटरची अनामत परत मिळणारी आहे का, ते पावतीवर लिहून घ्या. बंद करताना डबा परत नेणाऱ्याकडून डब्याचा सिरियल नंबर घातलेली पोच घ्या. मी ती घेतली नव्हती तर नंतर कितीतरी दिवस "उपकरण जमा झालेले नाही" असे मेसेज येत होते.

यूपीआय ऑटोपे लावले असेल तर कनेक्शन बंद केल्यावर ते ॲपमध्ये जाऊन स्वतः रद्द करा.

आणि भाड्याचे घर असेल तर वर्षाचे अजिबात नको. जागा बदलल्यावर नव्या पत्त्यावर त्यांची लाइनच नसली तर उरलेले पैसे मागत बसावे लागते.

---

विंग_सी_सेक्रेटरी

दुसऱ्या बाजूनेही एक सांगतो, कारण शिव्या आम्हाला बसतात. (मी दुसऱ्या सोसायटीचा आहे!) नवीन कंपनीला तार ओढायची असेल तर कमिटीला आधी कळवा. आमच्याकडे प्रत्येकाने आपापली तार भिंतीवरून सोडली, आता इमारतीला जाळे लागल्यासारखे दिसते. इंटरकॉमच्या डक्टमधून फायबर सहज जाते. पण डक्टला कुलूप असते, किल्ली आमच्याकडे असते, आणि कंपनीचा माणूस येतो भर दुपारी. मग तो "परवानगी नाही" असा शेरा मारून जातो आणि तुमची ऑर्डर रद्द.

काही कमिट्या एकाच कंपनीशी करार करून बाकीच्यांना दारात उभे करत नाहीत. तसे असेल तर सर्वसाधारण सभेत विषय घ्या. दोन-तीन कंपन्या इमारतीत असल्या की सगळेच नीट वागतात, हा आमचा अनुभव.

---

पाचवा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल-आज तारेने वेग मोजला. सकाळी ९४, रात्री साडेनऊला १८. अपलोड रात्री ५ वर. म्हणजे दोष लाइनचाच, वाय-फायचा नाही. आणि तो ९४ चा आकडा खांबावरचा यांनी सांगितला तसाच निघाला.

गेटवरच्या मुलाला "फायबर हॉलपर्यंत का?" विचारले. त्याने फोन लावून साहेबांना विचारले. साहेब म्हणाले, गच्चीपर्यंत. तो पर्याय बाद.

आता जिओ, एअरटेल किंवा बीएसएनएल. आणखी एक शंका, ऑफिसच्या व्हीपीएनला (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडतो ते) काही अडचण येते का? कुठेतरी सीजीनॅट नावाचे काहीतरी वाचले आणि घाबरलो.

---

खांबावरचा

घाबरू नका. सीजीनॅट म्हणजे एक सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. तुम्ही घरातून बाहेर जोडणी करता त्याला सहसा अडचण येत नाही, आणि व्हीपीएन तसेच असते. बाहेरून घरात यायचे असेल, म्हणजे जुन्या डीव्हीआरचे कॅमेरे ऑफिसातून बघायचे वगैरे, तर अडते. तसे काही असेल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा पत्ता मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात.

जोडणीच्या दिवशी एक करा. माणूस फायबरमधल्या सिग्नलची ताकद मोजायला पॉवर मीटर लावतो तेव्हा आकडा बघून ठेवा. उणे २० च्या आसपास असला तर छान. उणे २७ च्या जवळ असेल तर आज चालेल आणि पावसात तुटेल, तेव्हा त्याला तिथेच थांबवून जोड पुन्हा करायला लावा. एकदा सही घेऊन गेला की परत येत नाही. पुढे कधी डब्यावर लाल "एलओएस" दिवा लागला तर फायबर तुटले आहे, तेव्हा बंद-चालू करत बसू नका, थेट तक्रार नोंदवा.

---

हिशोबी

आणि तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्याच. फोनवरच्या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही. तो नंबर असेल तर पुढे कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येते. लोक उठसूट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला लिहितात, पण ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र नोंदवता येते.

माझे मत: पहिला महिना सुट्टा घ्या, जोडणीचे पैसे पडले तरी. महिनाभर रात्री साडेनऊला बघा. पटले तर सहा महिन्यांचे भरा.

---

पाचवा_मजला

तसेच करतो. शेजारच्या विंगमधल्या काकांकडे रात्री जाऊन त्यांच्या बीएसएनएलवर कॉल लावून बघितला, अडखळला नाही. काकांनी वर चहा पाजला आणि लाइनमनचा नंबरही दिला. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो येतोच म्हणाले, आणि हेच ऐकून माझे मत तिकडे झुकले आहे. आमच्या विंगमध्ये त्यांचा स्प्लिटर आहे का, तेवढे सोमवारी एक्स्चेंजला विचारायचे आहे. नसेल तर एअरटेल, महिन्याच्या बोलीवर.

केबलवाल्याचे कनेक्शन नवे लागेपर्यंत एक महिना वाढवून ठेवतोय, मध्ये खंड नको. सेक्रेटरींकडून डक्टची किल्लीही मागून ठेवली आहे.

---

जास्वंदी

बीएसएनएल घेतले तर डबा तुमचा स्वतःचा की त्यांचा, हे आधी ठरवून घ्या. विकत घेणार असाल तर दोन बँडचाच (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) घ्या, एक बँडवाला स्वस्तात गळ्यात मारतात.