कोकण किनारा सायकलने: घरातल्या पाचही जणांना जमेल असा मार्ग कोणता?

सिंहगडपायथा

नमस्कार मंडळी. डिसेंबरात चार दिवस पुण्याहून कोकणात जायचं आहे, सायकली घेऊन. आम्ही पाच जण आणि पाचांची ताकद वेगवेगळी. मी रविवारी नेमाने 50-60 किलोमीटर मारतो. बायकोने कॉलेजनंतर आत्ता पुन्हा सायकल हातात घेतली आहे. मुलगी अकरा वर्षांची, 24 इंची चाकांची गिअरवाली चालवते. बाबांचं वय 67, चालवायची हौस दांडगी, पण चढ आला की गुडघे दुखतात. आणि माझी मोठी बहीण. तिला दिसत नाही. तिच्यासाठी टँडम भाड्याने मिळते आहे, पुढे मी आणि मागे ती.

ज्याला विचारावं तो म्हणतो, घरच्यांना गाडीत बसव आणि तू सायकलने ये. तसं मला करायचं नाही. पाचही जणांनी रोज थोडं तरी पेडल मारलंच पाहिजे, आणि समुद्र दिसला पाहिजे. अलिबाग-मुरूड, दापोली, तारकर्ली अशी नावं ऐकली आहेत. कुठे जाऊ?

घाटवेडा

रेवदंडा ते रत्नागिरी सरळ खाली या. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. शेवटी गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरी. यापेक्षा सुंदर रस्ता मी पाहिलेला नाही. चढ आहेत, पण हळूहळू होतात.

सुपारीची वाडी

घाटवेडा, तुमचा मार्ग देखणा आहे हे शंभर टक्के मान्य. पण तो या पाच जणांचा नाही. कोकणातला चढ कुठे येतो ते आधी समजून घ्या, म्हणजे मार्ग आपोआप ठरेल. सह्याद्रीच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत उतरतात, त्यांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, आणि दोन सोंडांच्या मध्ये खाडी. रस्ता सड्यावरून खाडीत कोसळतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. म्हणजे जितक्या खाड्या तितके मोठे चढ. बाबांच्या गुडघ्यांना आणि जड टँडमला हा खेळ रोज झेपणार नाही. दापोली-गुहागर पट्टा याच कारणासाठी सध्या बाजूला ठेवा.

माझं माहेर दिवेआगरचं. लग्नानंतर पुण्यात आले तरी दर हिवाळ्यात सायकल घेऊन जाते, म्हणून छातीठोकपणे सांगते: दोन खाड्यांच्या मधला एकच तुकडा निवडा आणि तो दिवेआगर ते श्रीवर्धन हाच निवडा. आरावी, कोंडिवली, शेखाडी, वाळवटी या गावांवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता धरायचा, बोर्लीवरून आतून जाणारा नाही. साधारण 20 किलोमीटर, आणि बराचसा भाग समुद्राला अगदी चिकटून. चढ आहेत, पण छोटे. मुलीला एखाद-दोन ठिकाणी उतरून ढकलावी लागेल, तेवढंच.

मुक्काम चारही दिवस दिवेआगरातच ठेवा. रोज सामान बांधून पुढच्या गावी जायचं ठरवलं की सगळ्यात दमलेल्या माणसालाही तेवढे किलोमीटर पूर्ण करावेच लागतात, आणि दुसऱ्या दिवशी तो सायकलकडे बघत नाही. एका जागी राहिलात तर बाबा आरावीपर्यंत जाऊन परत फिरतील, वहिनी शेखाडीपर्यंत येतील, तुम्ही आणि ताई श्रीवर्धन गाठाल. कोणाचंही अर्धवट राहिलं असं होत नाही. ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा करत पुण्याहून सुमारे 160 किलोमीटर पडतं. सायकलींसाठी छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, ठरवा आणि तो चारही दिवस सोबत ठेवा. खर्च वाढतो, पण घरच्यांच्या मनावरचं ओझं उतरतं. त्याला शेखाडीला थांबायला सांगा. वाटेत मोबाईलची रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून जागा आणि वेळ आधीच ठरवून ठेवायची.

वाऱ्याकडे मात्र लक्ष द्या. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, हलका. दुपारी तो समुद्रावरून वायव्येचा सुटतो आणि चांगलाच जोर धरतो. श्रीवर्धनला जाताना तुम्ही दक्षिणेकडे जाता, त्यामुळे त्रास नाही. दुपारी परत येताना तोच वारा तोंडावर. म्हणून सकाळी उजाडता उजाडता निघा आणि परतीला सायकली टेम्पोत टाका. लाज वाटून घेऊ नका, मीही तेच करते.

पहिला दिवस तर रस्त्यावर जाऊच नका. दिवेआगरचा किनारा चारेक किलोमीटर लांब आणि सपाट आहे. ओहोटीला ओली पुळण इतकी घट्ट होते की चाक रुतत नाही. वहिनींचा हात तिथे बसेल, मुलगी मोकळी सुटेल, आणि टँडमवर तुम्ही दोघं एकमेकांची सवय करून घ्याल, पडलात तरी वाळूवर. आमच्याकडचं गणित असं: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहाला ओहोटी मिळते, तारखा तशाच धरा. वाळूतून आलं की सायकल लगेच गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल. खारं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी चेन लाल झालेली असते.

24 डिसेंबर ते 1 जानेवारी येऊ नका. त्या आठवड्यात अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग असते, आणि मुलीला रस्त्यावर घालायला माझं मन घेणार नाही. डिसेंबरचा पहिला-दुसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार, उत्तम.

जोडचाक

टँडमबद्दल थोडं. मी पुढच्या सीटवर बसून दृष्टिहीन मित्रासोबत चालवतो. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा, स्वतः अंध, टँडमवर मनालीहून खारदुंग ला पर्यंत गेलेले आहेत, तेव्हा ताईंना जमेल का ही शंका मनातून काढून टाका. सवय पुढच्याला करावी लागते. खड्डा, गतिरोधक, वळण, गिअर बदलणं, पेडल थांबवणं, प्रत्येक गोष्ट आधी मोठ्याने सांगायची. निघताना कोणता पाय वर ठेवायचा ते दोघांनी ठरवून घ्या. दोन माणसांचं वजन असल्याने उतारावर वेग झपाट्याने चढतो. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आणि मागच्या माणसाला नुसतं ओझं समजू नका. चढावर अर्धी ताकद त्याचीच असते.

बाबांसाठी पेडल मारलं की मोटर साथ देते तशी इलेक्ट्रिक सायकल बघा. 250 वॉटच्या आत आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत असली तर नोंदणी लागत नाही. चढावर गुडघ्यांवरचा ताण कितीतरी कमी होतो. सीट मात्र पुरेशी उंच हवी. पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकला पाहिजे.

सिंहगडपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला सगळी उत्तरं वाचून दाखवली. तिने लगेच विचारलं, वाटेत तिला काय काय कळेल? आणि मुलीला बोटीत सायकल चढवायचीच आहे. हरिहरेश्वरहून खाडीपलीकडे वेळासला जाऊन यावं का?

सुपारीची वाडी

ताईंना सांगा, श्रीवर्धनकडे जाताना समुद्र सतत उजव्या हाताला. शेखाडीच्या बाजूला लाटा खडकावर फुटतात आणि दिवेआगरला वाळूवर पसरतात, हा फरक कानाला स्पष्ट कळतो. गावात शिरलं की वाडीतला गारवा अंगाला लागतो, शिंपण्याचं पाणी वाहत असतं. अंगणात सुपारी वाळत असेल तर थांबून हातात घ्यायला मागा, कोणी नाही म्हणणार नाही. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली सुपारी, नावाजलेला आहे. दिवेआगरात रूपनारायणाच्या मंदिरातही जाऊन या. दुपारी खानावळीत उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

श्रीवर्धन ते हरिहरेश्वर मध्ये खरा घाट आहे, तो सगळ्यांनी टेम्पोतून पार करा. हरिहरेश्वरहून बागमांडल्याचा धक्का पाचेक किलोमीटर, तिथून सायकली बोटीत चढवा आणि वेश्वीला उतरा. पुढे बाणकोटवरून वेळासला जाता येतं, पण कासवांची पिल्लं बघायची तर फेब्रुवारीनंतरच या. डिसेंबरात मुलीची निराशा होईल. त्यापेक्षा वेश्वीला चहा घ्या आणि पुढच्या बोटीने परता. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो. टँडमवरून दोघांनीही उतरून, ताईंचा हात धरून, सायकल वेगळी कोणीतरी न्यायची. बोटीत टेम्पो नेऊ नका, अलीकडेच थांबवा, म्हणजे पोरीला सायकल स्वतः चढवता येईल.

तारखा ठरल्या की इथे टाका. तिथी बघून ओहोटीच्या वेळा काढून देते.