मदत हवी आहे: वहिनीचं रजिस्ट्रेशन अडलंय, लाइट बिल आजोबांच्या नावावर

पोफळबाग (13 जुलै, रात्री 9:40)
नमस्कार. वहिनीचं रजिस्ट्रेशन करायचंय. चौदा दिवसांची मुदत आहे, आज सहावा दिवस. फॉर्म बराचसा भरून झाला, पण पत्त्याच्या पुराव्यावर येऊन अडलोय. लाइट बिल आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. घरपट्टीसुद्धा त्यांच्याच नावाने येते. भाडेकरार कुठून आणू? स्वतःच्या घरात राहतो आम्ही. दादा उद्या रात्री निघतोय. जवळच्या एका ऑफिसात दोनदा जाऊन आलो, "हे काम इकडचं नाही" एवढंच ऐकून परतलो. ज्यांनी हे केलंय त्यांनी नेमके कुठले कागद लावले ते सांगा. जरा लवकर सांगा, इथे पावसामुळे वीज सारखी जातेय.

कौलारू (रात्री 9:58)
लग्नाची नोंदणी ना? त्याला लाइट बिलाची एवढी अडचण येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत ग्रामसेवक हेच विवाह निबंधक असतात. नमुना ड भरा, तीन साक्षीदार न्या, लग्नपत्रिका आणि फोटो. आमच्या पुतण्याचं एका दिवसात झालं.

सुरंगी (रात्री 10:05)
कौलारू, चौदा दिवसांची मुदत लग्नाच्या नोंदणीला नसते. पोफळबाग, वहिनी परदेशी नागरिक आहेत का? कुठल्या देशाच्या? व्हिसा कुठला? घर कुठल्या तालुक्यात? हे सगळं लिहा, नाहीतर सगळे अंदाजाने सांगत बसतील.

पोफळबाग (रात्री 10:12)
हो, परदेशी नागरिक म्हणूनच रजिस्ट्रेशन. मला वाटलं चौदा दिवस म्हटल्यावर कळेल. वहिनी फिलिपिन्सची. दादा बोटीवर असतो, तिकडेच ओळख झाली, लग्नही तिकडेच झालं. घर गुहागर तालुक्यात. व्हिसा लग्नाचा आहे.

जुना_बोटवाला (रात्री 10:31)
बाळा, मी 22 वर्षं कुवेतला काढली. तिकडे हे फार सरळ होतं. उतरलं की मेडिकल, मग बोटांचे ठसे, मग सिव्हिल आयडी. ते कार्ड खिशात असलं की कुणी अडवत नाही. कंपनीचा माणूस सगळं करून देतो. तुझ्या भावाच्या कंपनीच्या एजंटला विचार, तो करून देईल.

सुरंगी (रात्री 10:40)
काका, बोटीच्या कंपनीचा एजंट भावाचे कागद बघतो, वहिनीच्या नोंदणीशी त्याचा काय संबंध? आणि कुवेतचं इथे लागू नाही.
पोफळबाग, "लग्नाचा व्हिसा" असं काही नसतं. पासपोर्टवरचा व्हिसा बघा. एक्स, म्हणजे एंट्री व्हिसा, लिहिलंय की टुरिस्ट? आणि त्याखाली शेरा काय आहे तो अक्षरशः वाचून लिहा. माझं विचारणं उगाच नाही. काही व्हिसांवर प्रत्येक मुक्काम 180 दिवसांपेक्षा जास्त नको असा शेरा असतो, त्यांना लगेच नोंदणी लागत नाही. 180 दिवसांच्या पुढे राहायचं असेल तर ते दिवस संपायच्या आत करावी लागते.

हापूस_पायरी (रात्री 10:52)
एवढा खटाटोप कशाला? सरळ ओसीआय कार्ड काढा, परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणारं. ओसीआय असलं की नोंदणीचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्याने तेच केलं.

खाडीकाठ (रात्री 11:03)
हापूस_पायरी, अर्धवट माहिती देऊ नका. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला ओसीआय मागायचं तर लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. लग्नाला किती दिवस झाले हे धागाकर्त्यांनी अजून सांगितलेलंच नाही.

हापूस_पायरी (रात्री 11:10)
दोन वर्षं झाली असतील असं धरून लिहिलं होतं. पण एकदा ओसीआय झालं की वहिनींच्या नावावर दहा-वीस कलमांची बागही घेता येईल, म्हणून सुचवलं.

खाडीकाठ (रात्री 11:15)
तेही चूक. ओसीआयवाल्याला घर, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी. आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. अशा सल्ल्यावर कुणी इसार देऊन बसलं तर भरपाई कोण करणार?

पोफळबाग (14 जुलै, सकाळी 6:20)
रात्री वीज गेली ती पहाटे आली. बाग वगैरे घ्यायची नाहीये हो, बाग आहे. सुरंगी, व्हिसा बघितला. एक्स आहे, पुढे 2. एक वर्षाचा. खाली लिहिलंय: रजिस्ट्रेशन रिक्वायर्ड विदिन 14 डेज ऑफ अरायव्हल. लग्नाला दीड वर्ष होत आलं, म्हणजे ओसीआय आत्ता नाही.
आई रात्रभर जागी होती. वाडीतलं कुणीतरी बोलून गेलं की कागद नसले तर पोलीस परत पाठवतात. वहिनीला मराठी थोडं थोडंच येतं, पण "पोलीस" कळतं. ती कालपासून घराबाहेर पडली नाहीये. एरवी सकाळी आईबरोबर नारळ सोलायला बसते, तिच्या गावातही माड आहेत. म्हणून घाई करतोय.

सुरंगी (सकाळी 6:45)
वहिनींना आधी सांगा की घाबरायचं काही कारण नाही. रीतसर व्हिसा घेऊन आल्यात, मुदतीत नोंदणी करताय, एवढंच आहे हे. माझा नवरा फ्रेंच आहे, आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो, मी हे सगळं केलंय.
आता एक सांगा. "आज सहावा दिवस" कुठून मोजलात?

पोफळबाग (सकाळी 6:52)
8 तारखेला घरी आले दोघं. तिथून.

सुरंगी (सकाळी 6:54)
आणि भारतात कधी उतरले?

पोफळबाग (सकाळी 7:01)
3 तारखेला मुंबईला. मग डोंबिवलीला आत्याकडे होते. ते पण मोजायचं?

सुरंगी (सकाळी 7:05)
तेच मोजायचं. मुदत भारतात पाऊल ठेवल्यापासून, पासपोर्टवरच्या विमानतळाच्या शिक्क्याच्या तारखेपासून. काल सहावा नव्हता, अकरावा होता. 16 च्या आत अर्ज सबमिट करा. मुदत उलटली तर दंड लागतो आणि उशीर का झाला ते लिहून द्यावं लागतं.

कौलारू (सकाळी 7:20)
मग मुंबईलाच करून टाकायला हवं होतं. झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं ऑफिस, सीएसएमटीवरून चालत. दादा निघतोच आहे तर वहिनींना घेऊन जाऊ दे.

खाडीकाठ (सकाळी 7:33)
नको, फुकट फेरी होईल. नोंदणी राहत्या पत्त्याच्या जिल्ह्यात. रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी, म्हणजे एफआरओ. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर, म्हणजे या नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर, ऑनलाइन जातो आणि पत्त्यावरून त्यांच्याकडे पोचतो. बोलावलं तरच जायचं. 2018 पासून ही ऑनलाइन सोय देशभर आहे. तालुक्याच्या ऑफिसांत विचारून उपयोग नाही.

जुना_बोटवाला (सकाळी 7:50)
ऑनलाइनवर विसंबू नये. तवसाळवरून फेरीबोट धर, जयगडला उतर, तासाभरात रत्नागिरी. चिपळूणला वळसा कशाला? समोर माणूस उभा राहिला की काम होतं. फक्त पाऊस जोरात असेल तर फेरी चालू आहे का विचारून नीघ.

सुरंगी (सकाळी 8:10)
काकांचा रस्ता लक्षात ठेवा, बोलावलं तर उपयोगी पडेल. पण आज रत्नागिरी नको. दादा रात्री निघतोय, त्याच्या सह्या हव्यात, त्या आधी घ्या. मी लावलेले कागद:
वहिनींचा पासपोर्ट, व्हिसाचं पान, शिक्क्याचं पान, फोटो. दादाचा पासपोर्ट आणि आधार. लग्नाचा दाखला. दादाच्या सहीचं पत्र, की ही माझी पत्नी आहे, या पत्त्यावर राहते, तिच्या राहण्याखाण्याची जबाबदारी माझी. हे पत्र आजच लिहून घ्या. बोट लागली की त्याची सही महिनोन्‌महिने मिळायची नाही.
लग्नाचा दाखला अपोस्टिल केलेला आहे का? म्हणजे दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिकडच्या सरकारने खरा असल्याचं प्रमाणित केलेला?

पोफळबाग (सकाळी 8:22)
आहे. व्हिसाच्या वेळी मनिलाला केला होता. पत्र आत्ता लिहून घेतो. पण पत्त्याचं काय? मूळ प्रश्न तोच आहे!

खाडीकाठ (सकाळी 8:30)
अपोस्टिल आहे तर ते काम मिटलं. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या करारात आहे, फिलिपिन्स 2019 पासून. दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही.
पत्त्यासाठी तलाठ्याकडून 8अ काढा.

भातखाचर (सकाळी 8:41)
8अ नको! तो जमिनीचा खाते उतारा, त्यावर घर नसतं. घराला ग्रामपंचायतीचा नमुना 8 लागतो, मालमत्ता आकारणीचा. दोन्हींत आठ आहे म्हणून लोक हमखास चुकतात. मी ग्रामपंचायतीत बारा वर्षं काम केलंय. नमुना 8 वर आजोबांचं नाव असलं तरी चालवून घेता येईल असं करा: त्याबरोबर आजोबांचा मृत्यू दाखला, आईच्या नावाचा रहिवासी दाखला आणि आईच्या सहीचं संमतीपत्र, की या घरात मी राहते आणि सून माझ्याकडे राहते. घर क्रमांक सगळीकडे एकच येतोय ना ते बघा. आपल्याकडे आधारवर नुसतं वाडीचं नाव असतं आणि घरपट्टीवर नंबर.

खाडीकाठ (सकाळी 8:47)
बरोबर, माझी चूक. नमुना 8.

हापूस_पायरी (सकाळी 8:55)
पण घर मेलेल्या माणसाच्या नावावर ठेवताच का लोक? आधी वारसनोंद करून घ्या, मग बाकीचं.

भातखाचर (सकाळी 9:02)
वारसनोंद दोन दिवसांत होते का? सहहिस्सेदार किती, त्यातले मुंबईला किती, सह्या कोण आणणार? कोकणातल्या घराची गोष्ट आहे ही. सल्ला योग्य आहे, वेळ चुकीची आहे.

सुरंगी (सकाळी 9:10)
भातखाचर म्हणतात तसंच माझ्याकडेही झालं होतं, घर माझ्या वडिलांच्या चुलत्यांच्या नावावर होतं. त्याच कागदांवर भागलं. आणखी एक, जे सगळे विसरतात. सी फॉर्म (2025 च्या नियमांपासून फॉर्म III) भरलात का? परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की ठेवून घेणाऱ्याने 24 तासांत कळवायचं असतं. हॉटेलांना लागतं तसंच घरालाही. पोर्टलवर आईच्या नावाने घराची नोंद करून भरा. उशीर झालाय, पण आजच भरा, त्याची प्रत पत्त्याच्या पुराव्याबरोबर जोडता येते.

पोफळबाग (सकाळी 9:18)
सी फॉर्म ऐकलाच नव्हता. ग्रामपंचायत उघडली की जातो.

पोफळबाग (15 जुलै, दुपारी 1:35)
काल दिवसभर पळापळ. नमुना 8 आणि रहिवासी दाखला काल संध्याकाळी मिळाला. घर क्रमांक खरंच वेगळा होता, आधारवर नुसतं वाडीचं नाव. ग्रामसेवकांनी रहिवासी दाखल्यावर दोन्ही लिहून दिलं. दादाने निघायच्या आधी पत्राच्या चार प्रती सही करून ठेवल्या. सी फॉर्म रात्री भरला. अर्ज आज सकाळी 11 ला सबमिट झाला, नंबर आला.
भातखाचर, सुरंगी, तुमच्यामुळे झालं. खाडीकाठ, तुमचेही आभार. आता किती दिवस लागतील? आणि गणपतीनंतर वहिनी आत्याकडे डोंबिवलीला जाऊन राहिली तर चालेल का?

सुरंगी (दुपारी 1:50)
ई-मेल रोज बघा. शंका काढली तर तिथेच कळवतात आणि उत्तराला मुदत असते. सर्टिफिकेटही ई-मेलवरच येतं, छापून पासपोर्टबरोबर ठेवा. आठ-पंधरा दिवस आत्याकडे जायला हरकत नाही, मुक्काम हलवणार असाल तर मात्र पत्ता बदलल्याचं पोर्टलवर कळवा. आणि आत्यालाही सी फॉर्म भरायला सांगा.

पोफळबाग (दुपारी 2:05)
बरं. वहिनीच्या फोनला घरात रेंज येत नाही, म्हणून तिचा ई-मेल माझ्या फोनवर उघडून ठेवलाय. नंबर आलेला कागद छापून तिला दिला, तो तिने आईला वाचून दाखवला. दोघी आता मागच्या पडवीत बसल्यात.

जुना_बोटवाला (दुपारी 2:30)
भावाची बोट कुठली, टँकर की कंटेनर? कुठल्या बंदरात साइन ऑन आहे?