'कोर्क्ये' : मूळ गेलिक की बुचाची साल?

शब्दखोदू : नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांवरून पूर्वी खरवडून काढत ते एक दगडफूल (आपल्या गोड्या मसाल्यातलं नव्हे, त्याचं लांबचं भावंड), शास्त्रीय नाव ऑक्रोलेकिया टार्टारिया. ते आणि त्याचा जांभळट लाल रंग, दोन्ही 'कोर्क्ये'. शब्द गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडची भाषा) 'कोर्कुर'वरून आणि तो लॅटिन 'पुर्पुरा'वरून, म्हणजे जांभळा.

हट्टीनाना : पटत नाही. 'प'चा 'क' कसा झाला? खडकावरची खपली सालीसारखी दिसते, बुचाच्या सालीला नॉर्वेत 'कोर्क' म्हणतात. सरळ आहे की!

शब्दखोदू : गेलिकचं सर्वात जुनं रूप असलेल्या आरंभीच्या आयरिशमध्ये 'प' नव्हताच. 'पास्खा'चं 'कास्क', 'प्लांता'चं 'क्लांद', तसंच 'पुर्पुरा'चं 'कोर्कुर'.

रंगारीण : साल म्हणावं तर प्रत्येक खपलीला कोर्क्ये म्हणायला हवं होतं. स्कॉटलंडमध्ये 'क्रोटल' हे दुसरं दगडफूल नुसतं लोकरीबरोबर उकळतात, तपकिरी येतो. कोर्कुरला अमोनिया लागतो. पूर्वी शिळं मूत्र वापरत. आता अमोनिया १ भाग, पाणी २ भाग. वाळलेल्या दगडफुलाची पूड करून बरणीत घाला, बरणी अर्धीच भरा, कारण जांभळा हवेतल्या ऑक्सिजनमुळे तयार होतो. रोज झाकण उघडून हलवा, किमान ३-४ आठवडे. बरणी गच्च भरली, झाकण बंदच ठेवलं की मळकट तपकिरी पाणी उरतं. लोकरीला तुरटी लागत नाही, सुती कापड मात्र रंग जवळजवळ धरत नाही. उन्हात विटतो, हा दोष आहेच.

हट्टीनाना : रंग कळला, व्युत्पत्ती नाही. नॉर्स लोकांकडे (नॉर्वेच्या जुन्या रहिवाशांकडे) 'लित' हा रंगासाठी स्वतःचा शब्द होता. इंग्रजी 'लिटमस'सुद्धा त्यातूनच आला, 'रंग-शेवाळ'. मग उसनवारी कशाला?

शब्दखोदू : 'लित' म्हणजे कुठलाही रंग. शेटलंडच्या (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं, पूर्वी तिथे नॉर्स बोलत) बोलीत 'कोर्कालिट' आहे, दोन्ही शब्द एकत्र : उसना 'कोर्क' वस्तू सांगतो, घरचा 'लिट' रंग. बुचाच्या सालीतून हा जोड निघत नाही. १७५८ मध्ये स्कॉटलंडच्या कथबर्ट गॉर्डन यांनी याच रंगाचं पेटंट घेतलं, रंगाचं 'कडबेअर' हे नाव त्यांच्या नावावरून. पुढे ग्लासगोच्या कारखान्याला दगडफूल नॉर्वेतूनही जाई. पण तो व्यापार उशिराचा, शब्द त्याआधीचा.

हट्टीनाना : शेटलंडचा मुद्दा मान्य. शेवटचा 'र' गळाला कसा, त्यावर मी अजून अडून आहे.

रंगारीण : कोशात शोधताना जपून. नीनॉर्स्कमध्ये (नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एक) 'कोर्क्ये' हा दुसराही शब्द आहे, अर्थ 'ना हे, ना ते'.