सरकारी कामात इंग्रजी अडलं, तेव्हा दुभाषी कोण झालं? आपापले अनुभव लिहा

सातारकरीण

काल गाडीचं लायसन्स रिन्यू करायला गेले होते (न्यू जर्सी). शेजारच्या खिडकीवर एक आजोबा आणि त्यांचा नातू, असेल नऊ-दहा वर्षांचा. भाषा कोणती ते कळलं नाही. खिडकीतल्या बाईंनी काही विचारलं की पोरगा आजोबांना सांगायचा, आजोबा दोन मिनिटं हातवारे करून बोलायचे आणि पोरगा वळून म्हणायचा, "नो." माझा नंबर पुकारला तरी मी त्यांच्याकडेच बघत उभी.

२००९ साली आईला इथल्या एका सरकारी रुग्णालयात नेलं होतं. दुभाषी अर्थात मीच. डॉक्टर म्हणाले, छातीत गाठ आहे, कॅन्सरची शक्यता आहे, सुई घालून तपासायला हवं. मी आईला सांगितलं, "साधी गाठ आहे, जरा तपासणार आहेत." त्यांनी विचारलं, कधीपासून आहे? आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्ताच, महिना झाला असेल."

डॉक्टरांना काय जाणवलं कोण जाणे. त्यांनी मला थांबवलं आणि एक फोन मागवला. त्याला दोन रिसिव्हर, एक आईच्या कानाला, एक त्यांच्या. पलीकडे मराठी बोलणाऱ्या बाई. मला बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटांनी आत बोलावलं तेव्हा कळलं की गाठ दोन वर्षांपासूनची होती. तेव्हा माझं बाळंतपण जवळ आलेलं, म्हणून आईने कुणापाशी ब्र काढला नव्हता. माझ्या तोंडावर ती हे कधीच बोलली नसती आणि मी "कॅन्सर" हा शब्द कधीच उच्चारला नसता. दोघी एकमेकींना जपत बसलो असतो.

त्यानंतर आई आठ वर्षं होती.

तुमच्याकडे काय झालं? कचेरी, दवाखाना, कोर्ट, व्हिसा, काहीही चालेल. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.

चाफा७२

ताई, वाचून गलबलून आलं. आत्ता कुकर लावलाय, रात्री लिहिते.

रानवारा

आमच्या काकूंना काउंटीच्या ऑफिसात फोनवर हिंदी दुभाषी दिला. माणसं भारतीय म्हणजे हिंदी, असं धरूनच चालतात. त्याने विचारलं, "आपकी शिक्षा कितनी हुई है?" काकू जावळी तालुक्यातल्या, हिंदी टीव्हीपुरती. एकदम उठून उभ्या राहिल्या. "मला कसली शिक्षा? मी कुणाचं काय वाईट केलंय?" दुभाष्याला वाटलं काकू चिडल्या, म्हणून त्याने आवाज चढवून परत तेच विचारलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी.

शेवटी मराठी मिळतो का असं विचारलं, तर दहा मिनिटांत मिळाला. म्हणून सगळ्यांना सांगतो, "इंडियन" म्हणून थांबू नका, "मराठी" म्हणा. स्पेलिंग कागदावर लिहून न्या, नाहीतर ऐकणाऱ्याला काहीतरी तिसरंच ऐकू येतं.

तांदळाची_भाकरी

शिक्षा 😂😂 आमच्या सासऱ्यांना एकाने "चेष्टा कीजिए" (म्हणजे प्रयत्न करा) म्हटलं होतं. ते म्हणाले, या वयात कुणाची चेष्टा करू?

अबोली

आजीची नागरिकत्वाची मुलाखत, २०१६, शिकागोजवळ. आजी ८१ वर्षांची. वय ६५ च्या वर आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झालेली असली की इंग्रजीची परीक्षा माफ. तेव्हा १०० ऐवजी २० च प्रश्नांचा अभ्यास, त्यातले १० विचारतात, ६ आले की पास. उत्तरं आपल्या भाषेत द्यायची, दुभाषी मात्र आपला आपण न्यायचा. (वय ५० आणि ग्रीन कार्ड २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं, यांनाही इंग्रजी माफ असतं. पुष्कळांना हे माहीतच नसतं आणि बिचारे म्हातारपणी एबीसीडी गिरवत बसतात.)

आजीने वीसच्या वीस प्रश्न कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मराठीत लिहून देवघराशेजारी चिकटवले होते. रामरक्षा झाली की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. मुलाखतीत लिंकनने काय केलं विचारलं. एवढंच सांगायचं होतं की गुलामांना मुक्त केलं. आजीने तेवढं सांगितलं आणि पुढे म्हणाली, "आमच्याकडे फुल्यांनी आपला ग्रंथ गुलामी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला होता, हे पण सांग त्याला." (गुलामगिरी, १८७३. आजी शाळेत शिक्षिका होती.) दुभाषी काकांनी तेही सांगितलं. अधिकारी हातातलं पेन ठेवून ऐकत होता.

सातारकरीण

अबोली, तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग.

अबोली

ताई, आजी २०२० मध्ये गेली. पण ती पानं अजून तिथंच आहेत.

दुभाषी

अकरा वर्षं हेच काम करते, फोनवरून. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

आम्हाला पहिला नियम शिकवतात तो असा की बोलणारा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. "त्या म्हणतात की" असं नाही. एकदा समाजसेविका बोलत होती, म्हणून मी आजींना म्हटलं, "मी उद्या अकरा वाजता तुमच्या घरी येईन." आजी म्हणाल्या, "ये की, जेवायलाच ये. मुलगा कामावर असतो, मी एकटीच असते." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग समाजसेविकेने हळूच विचारलं, "दिवसभर एकट्या असता का?" आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं.

"तू कुठली गं? माहेर कुठलं?" हा प्रश्न दर दुसऱ्या कॉलला येतो. तोही भाषांतर करून सांगावा लागतो.

सगळ्यात अवघड वाक्य विचाराल तर "कसंतरीच होतंय". मळमळ? चक्कर? भीती? अर्थ आपल्या मनाने लावायचा नसतो, म्हणून डॉक्टरांची परवानगी घेऊन विचारते, "आजी, कसंतरी म्हणजे कुठं आणि कसं?" तेव्हा कधी छातीत निघतं, कधी मनात.

चाफा७२

आले. भाकऱ्या झाल्या.

आमच्या ह्यांनी सासूबाईंचं "पित्त झालंय" हे थेट पित्ताशयाचं दुखणं म्हणून सांगितलं. पित्ताशयाची सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. त्यांना म्हणायचं होतं की आंबट ढेकरा येतात आणि डोकं चढतं.

आमचं गाव मेलबर्न. इथे टीआयएसचा, म्हणजे सरकारी फोन-दुभाषी सेवेचा नंबर आहे, १३१४५०. दिवसरात्र चालू, दीडशेच्या वर भाषा, मराठी आहे. सरकारी कचेरीत काम असलं तर आपल्याला पैसे पडत नाहीत. फ्रिजवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलाय. आता सासूबाई स्वतः फोन करतात आणि मला नंतर सांगतात, "झालं बोलणं." काय झालं ते सांगत नाहीत!

तांदळाची_भाकरी

@चाफा७२ मेलबर्नवरून आठवलं. येताना विमानात पिवळसर कार्ड भरायला देतात ना, खायचं काय आणलंय वगैरे, तेव्हा मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "बाळा, एवढं भरून दे." मग त्यांच्या शेजारच्या, मग पलीकडच्या. सहा कार्डं भरली. सगळ्यांकडे मेतकूट होतं आणि सगळ्या म्हणत होत्या, "ते कशाला लिहितेस, ते काय खाणं आहे का?"

चाफा७२

लिहिलंस ना?? न लिहिता सापडलं तर जबर दंड करतात. मेतकूट सोडलं का?

कृष्णाकाठ

परदेशच कशाला. वडील सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यात होते. पेन्शनचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं, पूर्ण इंग्रजीत. वडील सातवी शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. ते पत्र घेऊन आठ दिवस फिरत होते, मी पुण्यात होतो, मला त्रास नको म्हणून सांगितलं नाही. कचेरीबाहेर टायपिंगवाला बसतो, त्याने ५० रुपये घेऊन चुकीचा फॉर्म भरला. खिडकीवर मराठी अर्ज दिला तर "इंग्लिशमध्ये आणा."

मग मी रजा काढून गेलो. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं केंद्राकडे असलं तर केंद्रात वापरात असलेल्या आणि राज्याकडे असलं तर राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तर कलम ६ मध्ये स्पष्ट आहे की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला माहिती अधिकाऱ्याने लिहायला मदत करायची. १० रुपयांचं शुल्क भरून मराठीत विचारलं, अर्ज का नामंजूर केला? जन्मतारखेत फरक होता, एवढंच कारण. वडिलांनी ते मराठी उत्तर दोनदा मोठ्यांदा वाचलं.

सातवी शिकलेल्या माणसाला अडाणी ठरवायला एक इंग्रजी कागद पुरतो, याचा मला आजही राग येतो.

पेडण्याचो

आमच्या गोव्यात वेगळंच. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा, मराठीही चालते, पण घराचं जुनं दस्त काढलं तर ते पोर्तुगीजमध्ये. आजीला वाचता यायचं नाही, आम्हालाही नाही. तालुक्यात एक म्हातारे वकील होते ते वाचून सांगायचे. ते गेल्यावर अख्खा वाडा अडला.

रानवारा

अमेरिकेत इंग्रजी न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा मिळाव्यात असा २००० सालचा क्लिंटनचा आदेश होता, तो २०२५ मध्ये रद्द केला ना? मग आता दुभाषी मिळणं बंद?

दुभाषी

आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेतला, इंग्रजी अधिकृत भाषा केली त्याच वेळी. पण त्यात सेवा बंद करा असं म्हटलेलं नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे तिथंच आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी दुभाषी फुकट द्यायचा आणि तातडीची वेळ सोडून लहान पोरांना दुभाषी करायचं नाही, हा नियम आरोग्य कायद्याखालचा, वेगळा. त्यामुळे मागा. नाही म्हणाले तर सुपरवायझरला बोलवा म्हणा.

सातारकरीण ताई, एक विचारू? फोनवरच्या त्या बाईंशी नंतर आईंचं काही बोलणं झालं का?

सातारकरीण

त्या दिवसानंतर नाही. पण आईने विचारून घेतलं होतं. नागपूरकडच्या होत्या, माहेर वर्ध्याचं. घरी येताना गाडीत आईने एवढंच सांगितलं. बाकीचं मला डॉक्टरांकडून कळलं होतं, आणि आईला माहीत होतं की मला कळलंय.

तांदळाची_भाकरी

@चाफा७२ सोडलं! सहाही जणींचं. एकीने तिथंच मला वाटीभर काढून दिलं.